सैल कान

सुनेने सासूला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सासू एका घोड्याच्या तोंडासमोर छत्री उघडत होती.

आभाळात ढगाचा ठिपकाही नव्हता. लग्न ठरायचं होतं, मुलगी घर बघायला आली होती आणि घराला कुलूप होतं. "आई पागेत असेल," असं म्हणून मुलाने तिला सरळ पागेच्या मागच्या कुंपणापाशी नेलं. तिथे बाह्या कोपरापर्यंत दुमडलेली एक ठेंगणी बाई छत्री फटकन उघडत होती, मिटत होती, पुन्हा उघडत होती. समोरचा तरणा घोडा दोन पावलं मागे सरला, नाकपुड्या फुलवल्या, मग मान लांब करून छत्रीच्या काडीचा वास घेऊ लागला. बाईने समाधानाने मान डोलावली, गर्रकन वळली आणि तीच छत्री मुलीच्या तोंडासमोर उघडली.

मुलगी जागच्या जागी खिळली. ओरडायचंही तिला सुचलं नाही.

"पळाली नाहीस," छत्रीमागून आवाज आला. "वास नाही घेतलास तरी चालेल. चल, चहा घेऊ."

परत जाताना तिने होणाऱ्या नवऱ्याला विचारलं, "तुझी आई सगळ्यांना असंच करते?"

"तू पास झालीस म्हणून समज. मी घरचा असून अजून लटकलोय."

ह्या बाईला पागेतले सगळे 'आत्या' म्हणत. पागेचा मालक त्यांचा भाचा, सख्ख्या भावाचा मुलगा. तो आत्या म्हणायचा म्हणून घोड्यांचं करणारी माणसं म्हणू लागली, मग गिऱ्हाइकं, आणि लग्नानंतर सूनही आत्याच म्हणू लागली.

आत्या मुळात शिवणकाम करायच्या. खोगिराखाली घोड्याच्या पाठीवर जी जाड गादी घालतात, ती त्या शिवत. गादी नीट बसली की नाही ते पाहायला घोड्याच्या अंगाला हात लावावा लागतो. पाठ, पोट, काखेचा भाग. कोण अंग चोरतो, कोण शेपूट आवळतो, कोण खुशाल उभा राहतो, हे त्यांच्या बोटांना आपोआप कळत गेलं. घोडा शिकवणारे सहज विचारायचे, "आत्या, हा कसा आहे?" आणि ह्या तोंडातला दोरा न काढता सांगायच्या. सांगितलेलं खरं होत गेलं. होता होता असं झालं की आत्यांनी पाहिल्याशिवाय कोणत्याही तरण्या घोड्यावर पहिलं खोगीर चढेनासं झालं.

त्यांची पाहण्याची रीत ठरलेली होती. आधी नुसतं जवळ उभं राहायचं. मग अंगभर हात फिरवायचा. मग छत्री. मग जमिनीवर ताडपत्री अंथरून तिच्यावरून चालवायचं. शेवटी पाठीमागे खिळ्यांनी भरलेला पत्र्याचा डबा खुळखुळवायचा. ह्या सगळ्यात त्या घोड्याच्या कानांवरून नजर काढत नसत. ताठ पुढे आलेले कान म्हणजे कुतूहल, मागे चिकटलेले म्हणजे राग, सारखे भिरभिरणारे म्हणजे धास्ती; आणि बाजूला सैल पडलेले म्हणजे जीव निवांत. मग निकाल. निकालाचे शब्द तीनच होते: 'लहानांचा', 'थोरांचा' आणि 'अजून नाही'. लहानांचा म्हटलेला घोडा मुलांच्या वर्गात जायचा, इथल्या नाहीतर विकला गेला तर दुसऱ्या गावच्या. आत्यांनी लहानांचा म्हटलेल्या घोड्याने कुणाला साधं ढकलल्याचंही कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

सुनेला घोड्यांचं अंग होतं. लग्नानंतर थोड्याच दिवसांत ती पागेच्या पुढच्या मैदानावर मुलांना बसायला शिकवू लागली. तिची स्वतःची मुलगीही चालायला लागल्यापासून तिथेच लुडबुडायची. घरात सासू-सुनांचं मिठावरून, टॉवेल वाळत घालण्यावरून, खिडकी उघडी ठेवण्यावरून जे व्हायचं ते व्हायचं. पागेत मात्र सून आत्यांच्या शब्दाबाहेर नव्हती. तिच्या वर्गातल्या सगळ्या आयाबापांची भिस्त त्या एका शब्दावर होती, आणि तिची स्वतःचीही.

एका उन्हाळ्यात तो पांढऱ्या तोंडाचा घोडा आला. अंग बदामी, तोंड कपाळापासून हनुवटीपर्यंत पांढरं स्वच्छ, आणि डोळे निळे. चालायचा असा की जणू सगळी पागा त्याच्याच नावावर आहे. नाल ठोकणाऱ्या नालबंदाने पहिल्याच दिवशी त्याला 'साहेब' म्हटलं आणि तेच नाव पडलं.

साहेबाला पाहायच्या दिवशी दोर सुनेच्या हातात होता. आत्यांनी अंगभर हात फिरवला, साहेब ढिम्म. छत्री उघडली, त्याने पुढे होऊन ती हुंगली. ताडपत्रीवरून तो असा गेला की ती खाली आहे हे त्याच्या गावीही नाही. मग आत्यांनी दोर आपल्याकडे घेतला आणि सुनेला डबा घेऊन मागे पाठवलं. तिने खुळखुळवला. कान सैल. जोरात खुळखुळवला. कान तसेच सैल. शेवटी तिने डबा दगडी फरशीवर आपटला. पलीकडच्या गोठ्यातली गाय उठून उभी राहिली, पण साहेबाने पापणी हलवली नाही.

आत्यांचं तोंड उघडंच राहिलं. "अगं बाई," त्या पुटपुटल्या, "इतक्या वर्षांत असे एक-दोनच पाहिले."

"आत्या, हा घोडा नाही, पाट आहे पाट," कुंपणावर बसलेला नालबंद म्हणाला. "चार पायांचा, बसायचा."

"तुझ्यापेक्षा बरा. तुला छत्री दाखवली तर तू दुसऱ्या गावाला जाशील," आत्या म्हणाल्या, आणि घोड्याच्या मानेवर थोपटून त्यांनी निकाल दिला, "लहानांचा. अगदी लहानांतल्या लहानांचा."

साहेब मुलांच्या वर्गात गेला. रांगेत पुढच्या घोड्यामागे गुमान चालायचा, पुढचा थांबला की थांबायचा. मुलं त्याच्या पाठीवर गाणी म्हणत, भांडत, किंचाळत. त्याला कशाचं काही नव्हतं. सुनेच्या मुलीचा तर तो जीव की प्राण झाला. वर्ग सुटला की ती त्याची शेपूट विंचरत बसायची.

त्या दिवशीही विंचरून ती हात धुवायला गेली होती. साहेब आपल्या खणात गव्हाणीत तोंड खुपसून खात होता. सून शेजारच्या खणात खोगीर उतरवत होती. नालबंद हत्यारांची पेटी घेऊन आला तो बोलतच आला. पागेचा तसा नियमच होता: घोड्याच्या मागून जायचं तर बोलत जायचं, म्हणजे कोण येतंय ते त्याला कळतं. नालबंदाला हा नियम कुणी शिकवायला नको होता, तो झोपेतही बोलत असेल. दुखऱ्या दाढेबद्दल काहीतरी सांगत तो आत शिरला. "काय साहेब, जेवण चाललंय? चालू द्या, चालू द्या. आम्हांला नुसता मागचा पाय बघायचाय," असं म्हणून त्याने मागच्या पुठ्ठ्यावर हात ठेवला.

फळी मोडल्यासारखा आवाज आला. सुनेला फळीच मोडली असं वाटलं. ती धावत गेली तेव्हा नालबंद भिंतीला टेकून बसला होता, चेहरा राखेसारखा, आणि उजवा हात कोपराच्या खाली जिथे वळायला नको तिथे वळला होता. साहेब कोपऱ्यात अंग आक्रसून थरथरत होता.

आत्या शिवणाच्या खोलीतून धावत आल्या, बोटात अंगुस्तान तसंच. नालबंदाने त्यांच्याकडे पाहिलं. तो कळवळत नव्हता. तो तक्रारही करत नव्हता. त्याला फक्त समजत नव्हतं.

"आत्या, मी बोलत होतो," तो म्हणाला. "बोलतच आलो. तुमची शपथ."

त्याला दवाखान्यात नेलं. गाडी फाटकाबाहेर गेली आणि मग सुनेच्या ध्यानात आलं. आपली मुलगी हात धुवायला गेली होती. थोडा वेळ आधी ती त्याच दोन पायांच्या मागे, जमिनीवर मांडी घालून बसली होती. सुनेने मुलीला शोधून काढलं आणि इतकं घट्ट धरलं की मुलगीच म्हणाली, "आई, दुखतंय."

मालक संतापला होता. "दगाबाज निघाला. खाताना लाथ मारणारा घोडा मी मुलांच्या पागेत ठेवू? उद्या सकाळी ट्रक बोलावतो. माल ओढायला घेणारे आहेत, त्यांना कसाही चालतो." आणि मग आवाज उतरवून, आत्यांकडे न पाहता तो म्हणाला, "आत्या, तू लहानांचा म्हणाली होतीस."

आत्या पालथ्या घातलेल्या बादलीवर बसल्या होत्या. "म्हणाले होते."

"मग?"

"मग काय! नातीला त्याच्या शेपटीशी बसवलं मी." त्यांनी कमरेची किल्ली सोडली. छत्री, ताडपत्री, डबा ज्या कपाटात असायचा त्याची ती किल्ली होती. ती त्यांनी भाच्याच्या हातात ठेवली. "माझी नजर गेली रे. आता दुसरं कुणीतरी बघ."

आणि त्या एकट्याच घरी निघून गेल्या. सून त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिली. दुधाच्या पातेल्यावरूनही माघार न घेणारी ही बाई एका लाथेसरशी अशी खचेल, हे तिला स्वप्नातही वाटलं नसतं.

संध्याकाळचा दाणा घालायचं काम त्यामुळे सुनेवर आलं. दाण्याच्या ढकलगाडीचं चाक कुरकुरत असे. ते कुरकुरलं की खणाखणातून माना बाहेर येत आणि खिंकाळण्याचा गोंधळ सुरू होई. तिने गाडी ढकलली. माना बाहेर आल्या. साहेबाची आली नाही. मग शेजारच्या घोडीने दारावर पाय आपटला. तिची मान हललेली साहेबाला दिसली, तेव्हा कुठे तो वळला आणि दाराशी आला.

सून थांबली. नालबंदाचे शब्द दुपारपासून तिच्या डोक्यात घोळत होते. बोलतच आलो. तुमची शपथ.

गाडी तिथेच सोडून ती मागच्या बाजूला गेली. साहेबाच्या खणाच्या भिंतीला फळीत एक फट होती. तिने डाव्या हातात रिकामी बादली धरली आणि लोखंडी पळीने तिच्यावर जिवाच्या आकांताने घाव घातला. छपरावरची कबुतरं उडाली. सगळ्या पागेत खुरांचा खडखडाट झाला, कुणीतरी दारावर लाथ मारली. फटीतून तिला साहेब दिसत होता. तो शांतपणे मिठाचा खडा चाटत होता, कान बाजूला सैल सोडून.

त्या दिवशी डबा तिनेच आपटला होता.

घरी आत्या भाजी निवडत बसल्या होत्या. निवडलेली आणि टाकायची एकाच परातीत जात होती.

"आत्या, साहेब बहिरा आहे."

"कोण साहेब?"

"आपला साहेब. त्याला ऐकूच येत नाही."

आत्या हसल्या, पण ते हसू कसंनुसं होतं. "काहीतरीच. बहिरा असता तर मला..." वाक्य पुरं झालं नाही. हातातली शेंग हातात राहिली. मग त्या उठल्या आणि पायात चपला सरकवून चालू लागल्या. सून मागे जवळजवळ धावत होती.

पागेत आत्यांनी तिच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही, आपल्या रीतीने पाहिलं. भिंतीमागून टाळ्या वाजवल्या. हाका मारल्या. खिळ्यांचा डबा कपाटात बंद होता, म्हणून दाण्याचं पिंप बडवलं. नंतर समोर जाऊन, अवाक्षर न काढता, नुसता हात हलवला. साहेब लगेच आला आणि त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकवून उभा राहिला.

सुनेला वाटलं होतं, आत्यांचा जीव भांड्यात पडेल. घोडा दगाबाज नाही. नजर गेलेली नाही. पण आत्यांचा चेहरा दुपारपेक्षाही वाईट झाला.

"नजर गेली असती तर बरं होतं," त्या म्हणाल्या. "म्हातारपण म्हणून सोडून दिलं असतं. पण मी सगळं नीट पाहिलं होतं गं. कान सैल होते, ते सैलच होते. आणि मी त्याला निवांत म्हटलं. तो निवांत नव्हता, त्याच्यापर्यंत काही पोचतच नव्हतं. दुपारी खाताना आभाळातून हात पडावा तसा हात पडला त्याच्या अंगावर. दुसरं काय करेल?"

थोड्या वेळाने त्या एकदम ताठ झाल्या. "आणि ती ह्याची बहीण?"

"कुठली?"

"ह्याच्याच आईची, पांढऱ्या तोंडाची. दोन वर्षांपूर्वी दिली ती. तीही डब्याला हलली नव्हती. तिलाही मी लहानांची म्हटलं होतं."

सुनेने तिथूनच फोन लावला. ती घोडी दुसऱ्या गावातल्या मुलांच्या वर्गात होती. पलीकडची बाई खुशीत बोलत होती: छान आहे, गुणी आहे, फक्त जरा हट्टी, हाक मारली की मुद्दाम लक्ष देत नाही. सुनेने फोन आत्यांच्या कानाला लावला. आत्यांनी ऐकलं आणि डोळे मिटून घेतले. मग फोनमध्ये त्यांनी, कधी नव्हे इतक्या हळू आवाजात, त्या बाईला सांगितलं की उद्यापासून कुणीही मूल त्या घोडीच्या मागे जाऊ देऊ नका, आणि का ते.

सकाळी ट्रक आला. मालक दोर घेऊन निघाला, तर आत्या साहेबाच्या खणासमोर उभ्या.

"हा जाणार नाही. हा दगाबाज नाही, बहिरा आहे. चूक त्याची नाही, माझी आहे."

मालक थांबला. त्याने आधी घोड्याकडे पाहिलं, मग सुनेकडे, मग ट्रकच्या ड्रायव्हरकडे. "आत्या, हळू बोल. तू चुकलीस हे बाहेर कळलं तर बाकीचे घोडे कोण नेईल इथून? तुझ्या शब्दावर जातात ते."

"म्हणूनच मोठ्याने बोलतेय. ज्यांनी ज्यांनी माझ्या शब्दावर नेले त्यांना कळू दे. डबा वाजवून बघू दे त्यांना आपापल्या घरी."

"आणि ट्रकवाल्याला काय सांगू?"

"चहा पाज आणि पाठव."

ड्रायव्हर म्हणाला, "चहाला माझी हरकत नाही."

ट्रक रिकामा गेला. आत्या तिथून थेट नालबंदाच्या घरी गेल्या, सून बरोबर. दार नालबंदाच्या बायकोने उघडलं. तिने त्यांना बसा म्हटलं नाही.

"तुम्ही लहानांचा म्हणालात म्हणून हे बिनधास्त मागून गेले," ती म्हणाली. "नाहीतर ह्यांना काय घोडे नवे आहेत? डॉक्टर म्हणतात मूठ पहिल्यासारखी वळेल याची खात्री नाही. हातोडा धरणाऱ्या माणसाची मूठ!"

सून काही बोलणार होती. आत्यांनी तिचा हात दाबला.

"खरं आहे," आत्या म्हणाल्या. "माझ्यामुळे झालं. घोडा बहिरा आहे आणि मला ते कळलं नाही."

बायको बघतच राहिली. तिने भांडणाची तयारी केली होती. तिला असं उत्तर अपेक्षित नव्हतं. आतून, प्लास्टरमधला हात उशीवर ठेवून पडलेल्या नालबंदाचा आवाज आला:

"बहिरा? म्हणजे माझ्या दाढेची सगळी कहाणी मी बहिऱ्याला सांगितली?"

बायकोने आत वळून पाहिलं.

"तरीच," तो म्हणाला. "माझं एवढं ऐकून घेणारा घरात कुणी नाही, पागेत कुठून येणार!"

बायकोला हसू फुटलं आणि त्याबरोबर रडूही. मग तिने खुर्ची पुढे सरकवली. आत्या बसल्या, पण त्या हसल्या नाहीत. तिथून निघेपर्यंत त्या त्याच्या प्लास्टरकडे बघत होत्या.

हात जुळला, पण डॉक्टरांचं खरं ठरलं. नालबंद आता मापं घेतो, नाल निवडतो आणि ठोकायचं काम त्याचा धाकटा भाऊ करतो. साहेबाच्या खणावर 'समोरून या' अशी पाटी लागली. सुनेची इच्छा होती की त्याला पुन्हा वर्गात घ्यावं. मुलांना शिकवता येईल, ती शिकतील. आत्यांनी साफ नकार दिला. "शिकतील गं. पण लहान मूल एखाद्या दिवशी विसरतं, आणि तो एक दिवस पुरतो." साहेब थोरांचा झाला. शेजारच्या शाळेतल्या एक बाई त्याला दर रविवारी फिरवून आणतात.

कपाटाची किल्ली मालकाने महिनाभर सांभाळली आणि मग आत्यांसमोर आणून ठेवली. त्यांनी ती घेतली नाही, सुनेच्या हातात दिली. त्यांची अट एकच होती: यापुढे एकीने बघून निकाल द्यायचा नाही. दोघींनी वेगवेगळं बघायचं, एकमेकींना न विचारता शब्द सांगायचा, आणि दोन्ही शब्द जुळले तरच खोगीर चढवायचं. आणि सगळ्यांत आधी, हात लावायच्याही आधी, भिंतीमागून हाक मारायची.

आत्या अजून रोज पागेत जातात. गुडघे दुखतात म्हणून कुंपणापाशी त्यांच्यासाठी एक स्टूल ठेवलंय. सध्या एका काळ्या तरण्या घोडीवरून दोघींचं अडलं आहे. आत्या 'लहानांची' म्हणतात, सून 'अजून नाही' म्हणते, आणि घोडी बिनखोगिराची कुरणात चरते आहे.